कोम-हौरची बुरशी

इनशिराहच्या बशीतला निळा रंग काही केल्या हलत नव्हता.

बटाट्याच्या काढ्याची घट्ट खळ, तिच्यात मिसळलेला निळा रंग आणि मधोमध ठेवलेला बुरशीचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा, एवढंच त्या काचेच्या बशीत असायचं. ही कांदा कुजवणारी बुरशी. वाढता वाढता ती आम्ल सोडते, आणि ते आम्ल जिथवर झिरपतं तिथवर निळ्याचं पिवळं होतं. शेतातही तिचं हेच शस्त्र. आधी आम्लानं कांद्याचं मूळ मऊ करायचं, मग आत शिरायचं. पण या बशीत ती काठापर्यंत पसरली होती, पिंजलेल्या कापसासारखी पांढरीशुभ्र, आणि खाली सगळं निळंच्या निळं.

"मेली का गं?" शेजारच्या टेबलावरून नगलानं विचारलं. इजिप्तमधल्या सोहागच्या शेती संशोधन केंद्रात दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या.

"मेली नाही. आळसावली."

"आळसावणारच. वीसेक वर्षं तू तिला साखर आणि बटाटा आयता भरवतेयस. माझ्या धाकट्याचं तसंच झालंय. तोही पांढराशुभ्र आहे आणि काही करत नाही."

इनशिराह हसली, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. शिकत असताना कोम-हौर गावच्या एका शेतातून तिनं ही बुरशी आणली होती, आणि तेव्हापासून जुन्या नळीतून नव्या नळीत, नव्यातून आणखी नव्या नळीत घालून तळहाताच्या फोडासारखी जपली होती. आजारी आईची खाट आणि ही प्रयोगशाळा यांच्यामध्ये तिची सगळी उमर गेली. लग्नाच्या गोष्टी आल्या आणि गेल्या. आई जाऊनही आता वर्ष झालं होतं. उरली होती बुरशी, आणि तिनंही हात टेकले होते.

आम्ल मिळालं नाही तर पुढचं काम होणार नव्हतं. हे आम्ल गाळून घ्यायचं, त्यात कांद्याच्या वेगवेगळ्या जातींची कोवळी रोपं बुडवायची आणि कुठलं रोप तग धरतं ते पाहायचं, असा तिचा बेत होता. तग धरणाऱ्यांतून कधीतरी या रोगाला पुरून उरणारा कांदा निघाला असता. आळसावलेल्या बुरशीला शुद्धीवर आणायचा एक उपाय असतो. तिला पुन्हा जिवंत झाडावर सोडायचं. इनशिराहनं ती कुंडीतल्या कांद्यांवर सोडूनही पाहिली. कांदे मजेत वाढले.

"नवी आण कुठून तरी," नगला म्हणाली.

"कुठून आणू? ज्याच्या शेतात रोग आहे तो कबूल करत नाही. कबूल केलं तर त्याच्याकडून रोपं कोण घेईल?"

"मग जिथून पहिल्यांदा आणलीस तिथेच जा. त्यांच्यापाशी लपवायला काही उरलं नसेल."

असं करत इनशिराह हिवाळ्याच्या तोंडावर, हातूर महिन्यातल्या एका सकाळी मायक्रोबसनं पूल ओलांडून कोम-हौरला पोचली. कालव्याच्या कडेला एक बाई दारात बसून मुलुखियाच्या भाजीची वाळलेली पानं चुरत होती. ही हाज्जा तफीदा. नवरा वारल्यापासून ती भावाकडे राहत होती.

"कांद्याचं शेत? कांदा या घरात आता फक्त बाजारातून येतो, बाई," ती म्हणाली. "बखीत, अरे बखीत, सरकारी बाई आलीय बघ."

गोठ्यामागून बखीत हात पुसत आला. उंच, किंचित वाकलेला, कानशिलांवर पांढरे केस. मुलगी सनिया लग्न होऊन अलेक्झांड्रियाला गेली होती आणि बायको त्याआधीच देवाघरी. त्यानं पाहुणीकडे जरा वेळ पाहिलं.

"तुम्ही त्याच ना? चिखलात बूट रुतवून एकाच बुटानं परत गेलेल्या?"

इनशिराहच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्हाला आठवतंय?"

"बूट आम्ही नंतर काढला होता. पण न्यायला कोणी आलं नाही."

चहा आला, काळा आणि साखरेनं दाट झालेला. इनशिराहनं मनातल्या मनात पाठ केलेलं वाक्य उलटसुलट झालं आणि तोंडातून सरळच निघालं. "अबू सनिया," लेकीच्या नावानं बापाला हाक मारायची तिथली रीत, "मला तुमच्या त्याच तुकड्यात थोडे कांदे लावायचेत. सडण्यासाठी."

हाज्जा तफीदानं हातातली पानं खाली ठेवली. "लोक दृष्ट लागू नये म्हणून दाराला निळा मणी बांधतात. ही आमच्या दारी दृष्ट मागायला आलीय."

"तफीदा, थांब जरा." बखीत इनशिराहकडे वळला. "वीस वर्षं तिथं मी फक्त चारा आणि गहू घेतलाय. रोग अजून असेल?"

"त्या बुरशीचे दाणे असतात. काळे, खसखशीएवढे. ते मातीत झोपून राहतात. चारा लावा, गहू लावा, त्यांना पत्ता लागत नाही. कांद्याच्या मुळाचा वास आला की जागे होतात."

"म्हणजे माझ्यासारखेच," हाज्जा तफीदा म्हणाली. "मलाही तळलेल्या कांद्याच्या वासाशिवाय जाग येत नाही."

बखीत हसला नाही. तो कालव्यापलीकडे पाहत होता. मग म्हणाला, "लावा. त्या जमिनीचं आणखी काय वाईट व्हायचंय? फक्त तिथलं पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात जाता कामा नये. आणि बाहेर पडताना पाय धुवायचे. मी बांध घालून देतो."

कोपऱ्यातल्या एका तुकड्यात कांद्याची रोपं लागली. इनशिराह नको म्हणत असतानाही बखीतनं ती स्वतः वाकून लावली, आणि मग तीही गाउनचा घोळ कमरेला खोचून त्याच्या मागोमाग सरीत चालली. गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. कालव्यावर जाणारा-येणारा थांबून विचारी, "काय बखीत, पीक कधी मरणार यंदा?"

"देवाची मर्जी. बरं मरेल असं दिसतंय."

आठवड्यातून एकदा इनशिराह येऊ लागली. खरं तर पंधरवड्यातून एकदा आली असती तरी चाललं असतं. नगला म्हणालीही, "कांदे तर जागचे हलणार नाहीत. तू एवढी कशाला धावतेस?" पण इनशिराहचा नेम चुकला नाही. ती यायची, सरीतून फिरायची, पात उचलून पाहायची, आणि मग अंगणात बसायची. हाज्जा तफीदा उन्हात फुगवलेली जाड भाकर आणि जुनं खारट चीज पुढे करायची आणि नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवायची.

"लग्न का नाही केलंस गं?"

"आई आजारी होती."

"सगळ्यांच्याच आया आजारी असतात."

"तफीदा," बखीत म्हणायचा.

"विचारू नको का? ती माझ्या शेताच्या मुळावर उठलीय, मी एक प्रश्न विचारू नको?"

पण हळूहळू इनशिराह न विचारताच बोलू लागली. शेवटच्या दिवसांत आई तिला ओळखत नव्हती, 'ताई' म्हणायची, आणि इनशिराहनंही आपण मुलगी आहोत हे सांगणं सोडून दिलं होतं. घरी गेल्यावर अजूनही हात आपोआप दोन माणसांचा तांदूळ घेतो. बखीत ऐकायचा. ऐकताना तो हातातली काडी मोडायचा नाही की घसा खाकरायचा नाही, नुसता ऐकायचा. एकदा तो म्हणाला, "सनियाची आई गेल्यावर मी तिची चप्पल दारातून हलवली नव्हती. एका थंडीच्या दिवशी तफीदानं ती चुलीत घातली. मी तिच्याशी महिनाभर बोललो नाही. पण बरं केलं तिनं."

तूबा महिन्याची थंडी पडली. सकाळी कालव्यावरून धुकं उठायचं. ही थंडीच त्या बुरशीला हवी असते, आणि कांदे मात्र हिरवेगार, ताठ, पातीवर दव घेऊन उभे. इनशिराह दर खेपेला सरीत वाकायची आणि दर खेपेला तिला काही सापडायचं नाही.

एका दुपारी बखीत तिच्याशेजारी सरीत उकिडवा बसला. एक पात त्यानं बोटांत धरली आणि विचारलं, "डॉक्टरबाई, जमीन बरी झाली असेल का?"

एवढ्या महिन्यांत तो कधी असा बोलला नव्हता. आवाज त्यानं मुद्दाम सहज ठेवला होता, आणि म्हणूनच त्यातली आशा झाकली जात नव्हती.

"इतक्यात सांगता येत नाही," ती म्हणाली.

"नाही, मी आपलं विचारलं. बाप म्हणायचा, या तुकड्यातल्या कांद्यासारखा गोड कांदा नाईलच्या दोन्ही काठांवर नाही. सगळेच बाप असं म्हणतात म्हणा."

परतताना मायक्रोबसमध्ये इनशिराहच्या लक्षात आलं की ती मनातल्या मनात देवाकडे काहीतरी मागतेय. तो रोग येऊ नये, असं. ज्या रोगासाठी एवढा खटाटोप केला तो येऊ नये. ती स्वतःशीच हसली. शेजारच्या बाईनं तिच्याकडे वळून पाहिलं आणि आपली टोपली जरा जवळ ओढली.

अमशीर महिन्याचे धुळीचे वारे सुटले आणि त्याच आठवड्यात तिला ते दिसलं. बांधाजवळच्या एका रोपाची बाहेरची पात शेंड्याकडून पिवळी पडून मान टाकून बसली होती. असा पिवळेपणा तिनं आयुष्यभर पाहिलेला. तिनं उपटायला हात घातला. रोप बुडाशी सैल झालं होतं, नुसतं ओढलं असतं तरी वर आलं असतं. आणि तिनं हात मागे घेतला. जवळची माती बोटांनी सारखी केली, उठली, पाय धुतले आणि अंगणात आली.

"सगळं ठीक?" बखीतनं विचारलं.

"ठीक."

"छान," तो म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला.

घरी आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. वीस वर्षांची नोकरी, आणि एका माणसाचं तोंड उतरू नये म्हणून ती डोळ्यांवर कातडं ओढून आली होती. पुढच्या खेपेला सांगायचं, असं ठरवून ती पुन्हा गेली. बांधाजवळचं ते रोप तिथं नव्हतं. त्याच्या आसपासची आणखी तीन-चार रोपंही नव्हती. मोकळ्या जागेवरची माती हातानं थापून सपाट केलेली. शेळी घुसली असावी असं तिनं धरलं, पण शेळी माती थापत नाही. ती अंगणात येऊन बसली. चहा प्यायली. बखीतनं वाऱ्याबद्दल काही म्हटलं, तिनंही वाऱ्याबद्दल काही म्हटलं.

हाज्जा तफीदा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. मग ती गुडघ्यावर हात रेटून उठली, आत गेली आणि भट्टीमागून एक फडक्याचं गाठोडं घेऊन आली. दोघांच्या मध्ये तिनं ते सोडलं. आत कांद्याची पिवळी रोपं होती. बुडाला मऊ पांढरा कापूस चढलेला, आणि त्या कापसात बारीक काळे दाणे.

"ही घे तुझी बुरशी. आठवडाभर माझ्या भाकरीच्या भट्टीमागे लपवून ठेवलीय यानं. मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं."

बखीतचा चेहरा पायघोळ गलाबियाच्या गळ्यापर्यंत लाल झाला. "तफीदा, तू आत जा."

"जाते. पण आधी सांग हिला, कशाला लपवलीस ते. नाही सांगत? मग मी सांगते. कांदा सडला की काम झालं, आणि काम झालं की बाई येणार नाही. एवढी सोपी गोष्ट आहे."

अंगणातली एक कोंबडी येऊन गाठोड्याशी चोच मारू लागली. इनशिराहनं त्यातलं एक रोप उचललं.

"मला मागच्याच खेपेला दिसलं होतं," ती म्हणाली.

बखीतनं मान वर केली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं होतं ना, जमीन बरी झाली असेल का. मला नाही म्हणवेना."

हाज्जा तफीदानं आधी भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "शहाणे होते हो या दोघांचे आई-बाप," ती कोंबडीला म्हणाली. "पोरांचं काय झालं देव जाणे." आणि ती आत गेली.

त्या दिवशी बखीत तिला पुलापर्यंत सोडायला आला. गाठोडं त्याच्याच हातात होतं.

"जमिनीचं वाईट वाटलं का?" तिनं विचारलं.

"वाटलं. दोन दिवस वाटलं. मग म्हटलं, मला ठाऊकच होतं." त्यानं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "तुमचे ते मोठे प्रोफेसर त्या वर्षी माझ्या बापाला म्हणाले होते, तू जिवंत असेपर्यंत इथं कांदा लावू नकोस. आणि गाडीकडे निघून गेले. बाप तिथंच बांधावर बसला. तुम्ही गेला नाहीत. तुम्ही त्याच्याशेजारी बसून राहिलात. गाडीचा भोंगा वाजला तरी. मग धावत सुटलात आणि बूट रुतला. बाप मरेपर्यंत विचारायचा, ती मुलगी कोणाची होती?"

इनशिराहला हे आठवत नव्हतं. तिला फक्त बूट आठवत होता आणि गाडीतल्या लोकांचं हसणं. ती म्हणाली, "मला वाटायचं, त्या दिवशी मी नुसती फजिती करून घेतली."

मायक्रोबस आली. त्यानं गाठोडं तिच्या हातात दिलं, जपून, एखादं लेकरू द्यावं तसं, आणि मग आपण काय देतोय हे ध्यानात येऊन दोघांनाही हसू आलं.

प्रयोगशाळेत तिनं कांद्याची साल पाण्यात धुतली, तापवलेल्या टोचणीनं पांढऱ्या कापसाचा कण उचलला आणि निळ्या बशीच्या मधोमध ठेवला. दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. त्यानंतर कणाभोवती एक फिकट कडं उमटलं, हिरवट. आणि मग, नगला चहाचा पेला हातात धरून उभी असतानाच तिला दिसलं, मधोमध लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग. पुढे रोज तो काठाकडे सरकत गेला. निळं मागे हटत गेलं.

"ही बघ, कष्टाची पोरगी," नगला म्हणाली. मग बशीऐवजी मैत्रिणीकडे पाहत म्हणाली, "आणि तुझा रंग कशानं बदललाय?"

इनशिराहनं तिला सगळं सांगितलं. नगलानं मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, त्यावरूनच तिला गोष्ट किती गंभीर वाटली ते कळलं.

बखीतला बशी दाखवायची असं इनशिराहनं ठरवलं आणि फोन केला. तो आला तो धुवून इस्त्री केलेल्या करड्या गलाबियात, खांद्यावर लोकरी शाल, सोबत हाज्जा तफीदा. काचेच्या एवढ्या वस्तू पाहून त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. इनशिराहनं बशी उजेडाकडे धरली.

"हे पिवळं म्हणजे तिचं आम्ल. याच्यानंच ती मूळ पोखरते."

"एवढीशी?" तो म्हणाला. वाकून त्यानं खूप वेळ पाहिलं. "मी वाटेत ठरवून आलो होतो, हिला पाहिलं की मनसोक्त शिव्या द्यायच्या. आता पाहतोय तर ती बिचारी आपलं पोट भरतेय."

"दे की शिव्या, अडवलंय कोणी?" हाज्जा तफीदा म्हणाली. ती एकुलत्या स्टुलावर बसून धापा टाकत होती. "आणि ज्यासाठी मला तीन जिने चढवलेस तेही बोल. नाहीतर मी उतरते."

नगलाला अचानक शेजारच्या खोलीत काम आठवलं.

बखीतनं हात पाठीमागून पुढे घेतले आणि पुन्हा पाठीमागे नेले. "डॉक्टरबाई, मी शिकलेला नाही. जमीन थोडी, त्यातली काही अशी. घरात ही बहीण आहे, तिची जीभ तुम्ही पाहिलीत. तुमची नोकरी तुम्ही सोडावी असं मी कधी म्हणणार नाही. मिन्या शहरात तुमचे भाऊ असतात असं तुम्ही म्हणाला होतात. त्यांच्याकडे आम्ही येऊ का?"

इनशिराहनं बशी टेबलावर ठेवली. झाकण नीट बसलंय का ते पाहिलं. ते नीटच बसलं होतं.

"भावाला गोड फार आवडतं," ती म्हणाली. "बसबुसा घेऊन या. आणि मला डॉक्टरबाई म्हणू नका, बखीत."

हाज्जा तफीदानं देवाचे आभार मानत दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले आणि जिने उतरण्यासाठी कोणी हात देतंय का ते पाहू लागली.

इनशिराहच्या भावानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, या वयात लोक काय म्हणतील म्हणून. मग बखीतनं त्याच्याशी दोन तास गव्हाच्या भावाबद्दल गप्पा मारल्या आणि आठ्या गेल्या. गव्हाची कापणी आटोपल्यावर लग्न झालं. अलेक्झांड्रियाहून सनिया आली आणि इनशिराहच्या हातांना मेंदी लावता लावता रडली. आपल्या आईसाठी की बापासाठी ते तिचं तिलाच सांगता येईना, आणि इनशिराहनंही विचारलं नाही.

आम्लाचं काम उन्हाळाभर चाललं. गाळलेल्या आम्लात बुडवलेली बहुतेक रोपं माना टाकून मेली. थोडी जगली, खुरटी, पातीचे शेंडे जळलेली. पुढच्या हिवाळ्यात ती त्याच कोपऱ्यात लावली. त्यांतलीही निम्मी सडली. उरलेल्यांना इनशिराहनं खुणेच्या काड्या लावल्या आणि बी धरायला ठेवलं. त्यातून काय निघेल ते इतक्यात सांगता येत नाही, असं ती म्हणते, आणि आता बखीतला ते ऐकून वाईट वाटत नाही. तो बी सुकवायला स्वच्छ चादर आणून देतो.

रोज सकाळी ती कोम-हौरहून मायक्रोबसनं कामाला जाते. एवढं वय होऊनही तिला लवकर जाग येत नाही, हे लग्नाआधी कोणाला ठाऊक नव्हतं. हाज्जा तफीदा दारावर थाप मारून हाक घालते, "अगं इनशिराह, ऊठ की. ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून म्हातारा झाला." मग भाकरीत चीज घालून ती कागदात गुंडाळते, आणि वहिनी केस बांधत धावत येईपर्यंत कालव्यावर उभी राहून ड्रायव्हरला बोलण्यात गुंतवून ठेवते.